पलीकडे टाइपरायटर आहे का?

सर्व्हरवर लॉगिन करून हाताने चालवली तर निमूट चालणारी स्क्रिप्ट. तीच एसएसएचच्या (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे जाणाऱ्या कमांडच्या) एका ओळीतून बाहेरून चालवली की कुरकुर सुरू होते: ‘स्टडइन इज नॉट अ टीटीवाय’, ‘टर्म एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नॉट सेट’, ‘इनअप्रोप्रिएट आयऑक्टल फॉर डिव्हाइस’. कधी काम होऊन वर ही कुरकुर ऐकावी लागते, कधी कामही अडतं. पहिला संशय नेटवर्कवर जातो, दुसरा परवानग्यांवर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. दूरच्या मशीनवरचा एखादा प्रोग्राम फक्त एवढंच विचारत असतो की पलीकडे टाइपरायटर आहे का, आणि त्याला ‘नाही’ असं उत्तर मिळालेलं असतं.

टाइपरायटर हा शब्द इथे अलंकार म्हणून आलेला नाही. १९६३ साली बाजारात आलेलं टेलिटाइप मॉडेल ३३ हे खरोखरच कीबोर्ड आणि कागदाची गुंडाळी असलेलं यंत्र होतं, सेकंदाला १० अक्षरं छापणारं. १९६९ पासून बेल लॅब्समध्ये युनिक्स आकाराला आलं ते अशाच यंत्रांवर. टीटीवाय हे टेलिटाइपचंच आखूड रूप. ज्या वस्तूला टर्मिनलचे, म्हणजे माणूस जिथे टाइप करतो आणि उत्तर वाचतो त्या यंत्राचे, हुकूम लागू पडत नाहीत तिला ते दिले, तर युनिक्स ‘नॉट अ टाइपरायटर’ असं सुनावत असे. पुढे प्रमाणीकरणात ते वाक्य बदललं आणि लिनक्सवर आज दिसणारं ‘इनअप्रोप्रिएट आयऑक्टल’ आलं (आयऑक्टल म्हणजे उपकरणाला द्यायचा खास हुकूम). त्या एररचं आतलं नाव मात्र ई-नॉट-टीटीवाय असंच राहिलं. जुनं वाक्य निदान हसवत तरी होतं, नवं नुसतंच घाबरवतं.

समोर टर्मिनल आहे का हे ओळखायची रीतही त्या एररवरच उभी आहे. प्रोग्राम टर्मिनलची सेटिंग्ज मागून बघतो. मिळाली तर पलीकडे माणूस बसलाय, एरर आली तर पाइप (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी जोडणी) किंवा फाइल आहे. सी भाषेची लायब्ररी याच उत्तरावरून आउटपुट कसं सोडायचं ते ठरवते: टर्मिनल असेल तर ओळ पूर्ण होताच, नसेल तर मोठा गठ्ठा साठला की. दूरवर चालवलेली स्क्रिप्ट बराच वेळ मुकी राहते आणि शेवटी सगळा लॉग एकदम ओतते, त्यामागे अनेकदा हेच असतं. ही चौकशी एररचा क्रमांक मागे ठेवून जाते, आणि निष्काळजी प्रोग्राम नंतरच्या भलत्याच अपयशाला तोच चिकटवतो. ईमेल परत आली, कारण म्हणे ‘नॉट अ टाइपरायटर’, असे जुने किस्से यातूनच जन्मले.

टर्म व्हेरिएबलची गोष्ट थोडी नंतरची. कागद जाऊन काच आली, १९७६ चं एडीएम-३ए, १९७८ चं व्हीटी१००, आणि प्रत्येक कंपनीने पडदा पुसण्याचे, कर्सर हलवण्याचे आपापले संकेत ठरवले. बर्कलीत बिल जॉय यांनी १९७८ च्या सुमारास टर्मकॅप तयार केलं: कोणत्या टर्मिनलला कोणते संकेत कळतात याची एक यादी. त्या यादीत आपलं पान कोणतं, हे सांगतं ते टर्म. पुढे टर्मकॅपची जागा टर्मइन्फोने घेतली, पण विचारणा तीच राहिली. पडदा पुसणारा क्लिअर, टर्मिनलचे संकेत पाठवणारा टीपुट, चालू प्रोग्राम दाखवणारा टॉप हे सगळे आधी टर्म बघतात. ते रिकामं असेल तर तक्रार, आणि भरलेलं असून सर्व्हरच्या यादीत ते नावच नसेल तरीही तक्रार. किटीसारखं नवं टर्मिनल वापरून जुन्या सर्व्हरवर गेलं की दुसरा प्रकार हमखास भेटतो. तिथे इन्फोसीएमपी या कमांडने आपल्याकडची नोंद काढून पलीकडे टिक या कमांडने बसवली की भागतं.

पण एसएसएचवरून गेल्यावर टर्म रिकामं का होतं? त्यासाठी १९८३ च्या ४.२ बीएसडी या बर्कलीच्या युनिक्सकडे जावं लागतं. त्यात दूरच्या मशीनशी बोलायचे दोन वेगळे मार्ग होते. आरलॉगिन माणसासाठी: पलीकडे स्यूडो-टर्मिनल (सॉफ्टवेअरमधलं नकली टर्मिनल) उघडायचं आणि टर्मिनलचं नाव सोबत न्यायचं. आरएसएच हुकुमासाठी: टर्मिनल नाही, फक्त सरळ पाइप, आणि एरर आउटपुटला स्वतंत्र जोडणी. हा फरक चांगला विचार करून ठेवलेला होता. टारचा (अनेक फाइल्स एकत्र बांधणाऱ्या कमांडचा) बायनरी प्रवाह टर्मिनलमधून सोडला तर तो बिघडतो, कारण टर्मिनल मधल्या काही बाइट्सना हुकूम समजतं.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात पासवर्ड चोरणारा हल्ला झाला. त्यानंतर तातू यलोनेन यांनी आरलॉगिन, आरएसएच आणि टेलनेट यांना पर्याय म्हणून एसएसएच लिहिलं. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्यामधला मोकळा २२ क्रमांकाचा पोर्ट त्याला मिळाला. कूटबद्धतेचं कौतुक सगळे करतात. इथे महत्त्वाचं एवढंच की आरलॉगिन आणि आरएसएच हे दोन्ही स्वभाव आता एकाच कमांडमध्ये आले. नुसतं सर्व्हरचं नाव दिलं तर आरलॉगिन, पुढे हुकूम लिहिला तर आरएसएच. २००६ च्या आरएफसी ४२५४ या एसएसएचच्या मानकात हे स्पष्ट दिसतं: टर्मिनल मागण्याची विनंती वेगळी, शेल मागण्याची वेगळी, हुकूम चालवण्याची वेगळी. टर्मचं मूल्य जातं ते टर्मिनलच्या विनंतीच्या पोटातून. ती विनंतीच गेली नाही तर टर्म जाणार कुठून!

इथे बॅश, म्हणजे लिनक्सवर हुकूम वाचून चालवणारं नेहमीचं शेल, एक गंमत करतं. टर्म रिकामं दिसलं की ते स्वतःपुरतं ‘डम्ब’ असं मूल्य धरतं, पण एक्स्पोर्ट करत नाही, म्हणजे पुढे चालवलेल्या प्रोग्रामना ते देत नाही. त्यामुळे एको कमांडने छापून पाहिलं तर टर्म आहे असं वाटतं, आणि पुढच्याच ओळीतला टीपुट ते नाही म्हणून रडतो. यात एक अख्खी दुपार जाऊ शकते, माझी गेली आहे.

सगळीकडे सुचवला जाणारा उपाय म्हणजे हायफन टी: हुकूम असला तरी टर्मिनल माग. स्क्रिप्टच स्टडइनमधून (प्रोग्रामला इनपुट येतं त्या वाटेने) ओतत असाल तर एक टी पुरत नाही. ‘स्यूडो-टर्मिनल विल नॉट बी अलोकेटेड’ असं उत्तर येतं आणि दोन टी द्यावे लागतात. पण टर्मिनल आलं की त्याचे जुने संस्कारही येतात. प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न चिकटतो, आउटपुट आणि एरर एकाच प्रवाहात मिसळतात, आणि ते फाइलमध्ये साठवून दुसऱ्या स्क्रिप्टला दिलं की नव्या अडचणी. म्हणून टॉप किंवा एडिटर उघडायचा असेल तेव्हा हायफन टी ठीक. नुसती टीपुटची तक्रार बंद करायला स्क्रिप्टमध्येच ‘आउटपुट टर्मिनल आहे का’ हे तपासून रंग वगळणं बरं. सुडोची, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने हुकूम चालवणाऱ्या कमांडची, गोष्ट वेगळी. पासवर्ड टाइप होताना अक्षरं लपवायची तर टर्मिनल हवंच. ते नसताना पासवर्ड उघडा दिसेल म्हणून रेड हॅट या लिनक्स कंपनीने कित्येक वर्षं ‘रिक्वायर टीटीवाय’ ही अट मुळातच घालून ठेवली होती, आणि स्वयंचलित स्क्रिप्ट लिहिणारे तिच्यावर डोकं आपटत राहिले.

राहिल्या शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइल्स. ‘नॉट अ टीटीवाय’चा एक नेहमीचा उगम म्हणजे रूटच्या (प्रशासकाच्या) प्रोफाइल फाइलमधली ‘मेसेज एन’ ही ओळ. दुसऱ्या वापरकर्त्यांनी आपल्या टर्मिनलवर निरोप छापू नयेत यासाठीची ही कमांड १९७१ च्या पहिल्या युनिक्सपासूनची आहे. टर्मिनलच नसेल तर ती काय बंद करणार? आधी टीटीवाय तपासून मगच ती चालवली की प्रश्न मिटतो.

बॅशआरसी या बॅशच्या सुरुवातीच्या फाइलमधला एको याहून वाईट, कारण एसएसएचने हुकूम चालवतानाही बॅश ती फाइल वाचतं. एसएसएचवरून फाइल्स नेणाऱ्या एसएफटीपीत पहिले चार बाइट म्हणजे संदेशाची लांबी. तिथे बॅशआरसीने छापलेल्या ‘वेलकम’ची पहिली चार इंग्रजी अक्षरं घुसली, तर क्लायंट त्यांनाच लांबी समजतो आणि ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग १४६६२६४६७५’ म्हणून काम सोडतो. हा आकडा हेक्समध्ये लिहून दोन-दोन अंक सोडवले, तर ५७, ६५, ६सी, ६३ मिळतात, म्हणजेच डब्ल्यू, ई, एल, सी.