ज्ञानपीठ माणसाला, अकादमी पुस्तकाला

आमच्या वाचनकट्ट्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकीनं लिहिलं, "पुढच्या महिन्यात ज्ञानपीठ मिळालेलं मराठी पुस्तक घेऊ या." दहा मिनिटांत तीन नावं आली: नेमाड्यांची 'कोसला', कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट', नेमाड्यांचीच 'हिंदू'. तिन्हींना भराभर अंगठे मिळाले, आणि तिन्ही चुकली. पुस्तकं म्हणून नव्हे, उत्तर म्हणून. 'कोसला'ला ज्ञानपीठही नाही आणि साहित्य अकादमीही नाही. 'नटसम्राट'ला मिळाली ती अकादमी, 1974 साली. 'हिंदू'ची गोष्ट जरा वेगळी आहे, तिच्याकडे येतेच.

साहित्य अकादमी ही सरकारनं 1954 मध्ये स्थापन केलेली संस्था. तिचा पुरस्कार 1955 पासून दिला जातो. तो चोवीस भाषांसाठी आहे आणि दर भाषेत वर्षाला एकाच पुस्तकाला मिळतो. एक लाख रुपये आणि ताम्रपट. (1999 साली मराठीत तो रंगनाथ पठारे यांच्या 'ताम्रपट' कादंबरीलाच मिळाला.) ज्ञानपीठ देते भारतीय ज्ञानपीठ ही खासगी संस्था, 1965 पासून. त्यात सगळ्या भाषा एकाच रांगेत उभ्या असतात. त्यामुळे मराठीच्या वाट्याला आजवर चारदाच आलं: वि. स. खांडेकर 1974, कुसुमाग्रज 1987, विंदा करंदीकर 2003, भालचंद्र नेमाडे 2014. अकरा लाख रुपये आणि वाग्देवीची मूर्ती.

पैसे, मूर्ती वगैरे सोडा. वाचनकट्ट्याच्या दृष्टीनं कळीचा फरक एकच. अकादमीचा पुरस्कार एका पुस्तकाला असतो. ज्ञानपीठ सुरुवातीला पुस्तकासाठी दिलं जाई, पण 1982 नंतर ते लेखकाच्या एकूण लेखनासाठी दिलं जातं. म्हणून ज्ञानपीठाचं म्हणता येईल असं मराठी पुस्तक एकच, खांडेकरांची 'ययाति'. तिला त्याआधी 1960 मध्ये अकादमीही मिळाली होती. पुढच्या तिघांना ज्ञानपीठ मिळालं ते त्यांना, त्यांच्या एखाद्या पुस्तकाला नाही. स्पर्धा परीक्षांच्या गाइडांत मात्र चार नावांपुढे चार पुस्तकं छापलेली असतात: ययाति, विशाखा, अष्टदर्शने, हिंदू. मुलं ती पाठ करतात, मोठी होतात आणि आमच्यासारख्या ग्रुपवर येतात. 'हिंदू' आली 2010 मध्ये, नेमाड्यांना ज्ञानपीठ मिळालं 2014 चं. कादंबरी ताजी होती, गाजत होती, म्हणून लोकांनी दोन्हींची गाठ मारून टाकली.

आता उलट बाजू. अकादमी पुस्तकाला मिळते म्हटल्यावर वाटतं, चला, यादी उघडायची आणि एक नाव उचलायचं. असं करून आम्ही एकदा चांगलेच फसलो आहोत. नेमाड्यांना अकादमी मिळाली हे खरं, पण ती 'टीकास्वयंवर' या समीक्षाग्रंथासाठी. आमच्यातल्या एका काकांनी "अकादमीवाले नेमाडे" म्हणून ते आणलं आणि 'कोसला'तला पांडुरंग सांगवीकर कधी भेटतोय याची वाट पाहत साठ पानं वाचली. काकांची चिकाटी दांडगी.

मराठीच्या यादीत असे धक्के बरेच आहेत. पहिलाच पुरस्कार तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या 'वैदिक संस्कृतीचा विकास'ला. दुसऱ्या वर्षी मर्ढेकर, पण कवितेसाठी नव्हे, 'सौंदर्य आणि साहित्य'साठी. विजया राजाध्यक्षांचा पुरस्कार 'मर्ढेकरांची कविता' या ग्रंथाला. विज्ञानकथांमुळे घराघरात पोचलेल्या जयंत नारळीकरांना 2014 मध्ये मिळाला तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रासाठी. म्हणून आधी पुस्तकाचा प्रकार पाहा, मग लेखकाचं नाव. मी तरी समीक्षाग्रंथ कट्ट्यासाठी घेणार नाही. घरी एकट्यानं वाचायची ती गोष्ट.

असं का होतं, तर अकादमीच्या नियमात काळाची चौकट आहे. सध्या पुरस्काराच्या वर्षाच्या लगेच आधीचं वर्ष सोडतात आणि त्यामागच्या पाच वर्षांत पहिल्यांदा छापलेली पुस्तकं विचारात घेतात. लेखकाचं सर्वांत गाजलेलं पुस्तक त्या चौकटीत बसलं नाही, तर पुढे बसलेल्या एखाद्या पुस्तकावर मोहोर उमटते. ही चौकट किती बोचू शकते ते जी. ए. कुलकर्णींच्या बाबतीत दिसलं. 1973 मध्ये 'काजळमाया'ला पुरस्कार जाहीर झाला, प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला आणि जीएंनी पुरस्कार परत केला. नंदा खरे यांनी तर 'उद्या'ला जाहीर झालेला 2020 चा पुरस्कार स्वीकारलाच नाही. ही दोन्ही पुस्तकं कट्ट्याला घ्यावीत असं माझं मत आहे. पुरस्काराबद्दलचं भांडण आयतं मिळतं.

पुस्तकांच्या वेष्टनावरही नजर ठेवा. 'साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त' आणि 'साहित्य अकादमी पुरस्कारविजेत्या लेखकाची नवी कादंबरी' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दुसऱ्या ओळीतला 'लेखकाची' हा शब्द हटकून बारीक टायपात असतो. शिवाय अकादमीचे युवा, बालसाहित्य आणि अनुवादाचे पुरस्कार निराळे. शंका आली तर अकादमीच्या संकेतस्थळावर भाषावार यादी आहे, ती पाहावी.

मग निवडायचं कसं? ज्ञानपीठवाला लेखक घ्यायचा ठरला, तर पुस्तक आपलं आपण निवडायचं. तिथं मी 'हिंदू'ऐवजी 'कोसला' सुचवीन. सहाशे पानांच्या आसपासची कादंबरी नोकरीवाल्या माणसांकडून महिन्यात होत नाही, आणि न वाचता आलेली माणसं चहावरच बोलतात. विंदांचं तर 'घेता'च पुरेसं आहे असं आमच्यातल्या दोघांचं म्हणणं, पण एका कवितेवर दोन तास काढायला धाडस लागतं. कोकणी चालत असेल तर दामोदर मावजो बघा. ज्ञानपीठ त्यांना अलीकडे मिळालं, पण 'कार्मेलीन'ला अकादमी 1983 मध्येच मिळाली होती. अकादमीवालं पुस्तक हवं असेल तर 'नटसम्राट'सारखं सोपं काही नाही. भूमिका वाटून घ्या आणि मोठ्यानं वाचा. आमच्याकडे बेलवलकर होण्यासाठी चौघं तयार होते, कावेरी व्हायला कुणीच नाही.

शेवटी आम्ही 'युगान्त' ठरवलं. इरावती कर्वेंचं, महाभारतावरचं, अकादमीवालं. विदुर हाच धर्मराजाचा बाप असावा, असं त्या 'पितापुत्र' या लेखात मांडतात. त्यावर तासभर वाद होणार हे नक्की. मी वाचनालयात फोन करून म्हटलं, "अकादमी मिळालेलं 'युगान्त' बाजूला ठेवाल का?" महेश एलकुंचवारांच्या, धरणगावात घडणाऱ्या 'वाडा चिरेबंदी' नाट्यत्रयीतला शेवटचा भागही 'युगान्त'च आणि 2002 ची अकादमी त्याला, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पलीकडून विचारणा झाली, "ताई, हस्तिनापूरचं की धरणगावचं?"