प्रोस्टेट कॅन्सरमधले नॉन-कोडिंग आरएनए आणि हार्मोन रिसेप्टर

प्रोस्टेटचा कॅन्सर बहुतेक वेळा टेस्टोस्टेरॉनच्या जिवावर वाढतो, आणि ह्या हार्मोनचा हुकूम पेशीत अमलात आणणारं प्रोटीन म्हणजे अँड्रोजेन रिसेप्टर (एआर); अँड्रोजेन म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स. त्याचा जीन एक्स क्रोमोझोमवर असतो. चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवलं की अंडकोष काढले की पसरलेला कॅन्सरसुद्धा आटोक्यात येतो, हगिन्सना त्यासाठी १९६६ चं नोबेल मिळालं. नॉन-कोडिंग आरएनए म्हणजे डीएनएवरून बनणारे पण ज्यांच्यापासून प्रोटीन बनत नाही असे आरएनए. त्यातले २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा (आरएनएच्या साखळीतल्या कड्या) मोठे ते लाँग नॉन-कोडिंग आणि साधारण २२ चे छोटे ते मायक्रोआरएनए.

रिसेप्टरचं काम थोडक्यात असं : टेस्टोस्टेरॉनपासून झालेलं डीएचटी हे हार्मोन त्याच्या खाचेत बसलं की तो केंद्रकात जातो, डीएनएला चिकटतो आणि पीएसएसारखे (प्रोस्टेटमध्ये बनणारं, रक्तात मोजलं जाणारं प्रोटीन) जीन चालू करतो. हार्मोन तोडणारी ट्रीटमेंट सुरुवातीला छान लागू पडते पण पुढे कॅन्सर तिला दाद देईनासा होतो, आणि तेव्हाही बऱ्याच पेशंटमध्ये एआर चालूच असतो, कधी त्याच्या जीनच्या प्रती वाढलेल्या असतात, कधी जीनमध्ये बदल होतो, तर कधी एआर-व्ही७ सारखं तुटकं रूप तयार होतं ज्याला हार्मोन बसायची खाचच नसते, मग त्याच खाचेत बसून एआरला अडवणारं एन्झाल्युटामाइड हे औषध बसणार तरी कुठे?

एआरला हार्मोनशिवाय कोण चालवतं, ह्या प्रश्नातच लाँग नॉन-कोडिंग आरएनएंचा सगळ्यात मोठा वाद आहे. पीसीजीईएम१ हा प्रोस्टेटपुरता मर्यादित आरएनए २००० मध्ये नोंदला गेला, पीआरएनसीआर१ त्यानंतर साधारण दहा वर्षांनी, क्रोमोझोम ८ च्या अशा पट्ट्यात जिथले डीएनएतले फरक ह्या कॅन्सरच्या धोक्याशी जोडले जातात. २०१३ मध्ये सॅन दिएगोच्या रोझेनफेल्ड यांच्या गटाने मांडलं की हे दोन्ही आरएनए एकापाठोपाठ एआरला येऊन चिकटतात, आधी पीआरएनसीआर१, तो डॉट१एल हे एन्झाइम ओढून आणतो, त्यामुळे एआरवर मिथाइल गट (एक छोटी रासायनिक खूण) बसतो आणि मग पीसीजीईएम१ ला जागा मिळते, आणि अशा जोडणीने हार्मोन नसतानाही जीन चालू राहतात. मांडणी देखणी होती. पण पुढच्याच वर्षी मिशिगनच्या गटाने पेशंटचे नमुने तपासले तर पीआरएनसीआर१ चा कॅन्सरशी संबंध दिसला नाही, पीसीजीईएम१ वाढलेला होता पण आक्रमक आजाराशी त्याचा मेळ नव्हता, आणि दोघांपैकी एकही एआरला चिकटलेला सापडला नाही. २०१५ मध्ये आणखी एका गटाला पीसीजीईएम१ अँड्रोजेनच्या ताब्यात आहे एवढंच दिसलं, एआरशी थेट जोड नाही. वेगवेगळ्या गटांचे निकाल एकाच दिशेला जातात म्हणून पीसीजीईएम१ ला एआरचा चालक न मानता त्याच्या हुकमाने बनणारा आरएनए मानणं सध्या जास्त सुरक्षित वाटतं. मात्र तो नुसता बघ्या असेल असंही नाही, सी-मिक ह्या कॅन्सर वाढवणाऱ्या प्रोटीनमार्फत पेशीचं चयापचय बदलतो असं २०१४ चं एक काम सांगतं.

बाकीच्यांचं थोडक्यात. हॉटएअर एआरला चिकटून त्याला मोडीत काढणाऱ्या एमडीएम२ ला अडवतो (२०१५). एआरएलएनसी१ ला एआर वाढवतो आणि तो उलट एआरचाच मेसेंजर आरएनए टिकवतो (२०१८), म्हणजे चक्र पुरं. एसचलॅप१ आक्रमक आजारात वाढलेला असतो ह्याबद्दल फारसं दुमत नाही, दुमत आहे ते तो एसडब्ल्यूआय/एसएनएफ ह्या प्रोटीनांच्या गटाला क्रोमॅटिनवरून (डीएनए आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो ती प्रोटीनं) हटवतो का ह्याबद्दल. मायक्रोआरएनएंमध्ये मिर-२१ ला एआर थेट वाढवतो.

प्रत्यक्ष दवाखान्यापर्यंत पोचला तो पीसीए३. १९९९ मध्ये डीडी३ ह्या नावाने तो नोंदला गेला, तपासलेल्या ५६ पैकी ५३ गाठींमध्ये तो खूप वाढलेला होता. क्रोमोझोम ९ वर प्रून२ ह्या जीनच्या आत तो उलट्या दिशेने बसलेला आहे. गुदद्वारातून प्रोस्टेट तपासल्यावर येणाऱ्या पहिल्या लघवीत तो मोजतात आणि पीएसएच्या आरएनएशी त्याचं गुणोत्तर काढतात. अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि टेस्टना मान्यता देणारी सरकारी संस्था) २०१२ मध्ये ही टेस्ट मान्य केली, पण आधीची बायोप्सी निगेटिव्ह आलेल्यांची पुन्हा करायची का एवढं ठरवायला, आणि २५ च्या खाली स्कोअर म्हणजे कॅन्सर सापडायची शक्यता कमी. रक्तातला पीएसए ग्रंथी नुसती वाढली किंवा इन्फेक्शन झालं तरी चढतो, पीसीए३ वर ग्रंथीच्या आकाराचा तसा परिणाम होत नाही, हा खरा फायदा. जास्त स्कोअर म्हणजे जास्त घातक कॅन्सर असं मात्र धरू नये, पेशंटच्या घरच्यांनी रिपोर्ट बघून घाबरण्याआधी हे नक्की लक्षात घ्यावं.

इस्ट्रोजेन रिसेप्टरही प्रोस्टेटमध्ये असतात, त्यातला बीटा प्रकार १९९६ मध्ये उंदराच्या प्रोस्टेटमधूनच सापडला. अल्फा प्रकार नीट१ ह्या लाँग नॉन-कोडिंग आरएनएला वाढवतो आणि तो एआरवर अवलंबून नसलेल्या वाटेने कॅन्सरला मदत करतो असं २०१४ मध्ये मांडलं गेलं.