कापते ती रेती: दगडाच्या चकत्या काढण्याच्या छंदाची पार्श्वभूमी

अकीकाचा गोटा बाहेरून बघितला तर मातीत लोळलेल्या बटाट्यासारखा दिसतो. आत काय दडलंय ते कापल्याशिवाय कळत नाही. कधी एकात एक वळलेले पांढरे-निळसर पट्टे निघतात, कधी हिरवी शेवाळी नक्षी, कधी मधोमध स्फटिकांनी भरलेली पोकळी, आणि बऱ्याचदा काहीच निघत नाही. असे ओबडधोबड दगड घरच्या करवतीवर लावायचे, त्यांच्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या चकत्या काढायच्या, त्या घासायच्या आणि चमकवायच्या, असा हा छंद. अमेरिकेत तो चांगलाच रुजलेला आहे. चकतीतून पुढे अंगठीचा किंवा लॉकेटचा खडा घडवता येतो. पण पुष्कळांना चकतीच पुरते, कारण त्या दगडाचं पोट सगळ्यांत आधी त्यांनी पाहिलेलं असतं.

छंद म्हणून या गोष्टीचं वय जेमतेम शंभर वर्षांचं. त्यामागचं तंत्र मात्र पिरॅमिडइतकं जुनं आहे. मधल्या साडेचार हजार वर्षांत नेमकं काय बदललं असं विचाराल, तर माझं उत्तर एकच आहे: कापणारी पूड स्वस्त होत गेली.

अकीक हा क्वार्ट्झचाच एक प्रकार. मोहसच्या मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा 6.5 ते 7 भरतो. तांबं, लोखंड किंवा साधं पोलाद त्याच्यापुढे मऊ पडतं, त्यामुळे नुसत्या दातेरी करवतीने तो कापला जाणं शक्यच नाही. करवतीचं काम एवढंच, की एखादी कठीण पूड दगडावर एका रेषेत फिरवत ठेवायची. पूड दगडाला खरवडते आणि पात्याच्या मागोमाग खाच खोल होत जाते. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात हे लिहून ठेवलं आहे. संगमरवराच्या लाद्या कशा कापतात ते सांगताना तो म्हणतो, की लोखंड कापतंय असं वाटतं खरं, पण कापते ती रेती. कोणत्या देशाची रेती त्या कामाला चांगली, याचीही चर्चा तो करतो आणि इथिओपियाच्या रेतीला पहिला मान देतो.

गिझाच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये, राजाच्या दालनात ग्रॅनाइटची एक पेटी आहे. इंग्रज पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांनी 1880 ते 1882 या काळात पिरॅमिडची मोजमापं घेतली, तेव्हा त्यांना तिच्या अंगावर करवतीच्या खुणा आढळल्या. एके ठिकाणी करवत तिरकी गेली होती, कारागिरांनी ती मागे घेऊन पुन्हा नीट चालवली होती. करवतीला रत्नांचे दात बसवलेले असावेत, असा पेट्रींचा तर्क होता. पुढे डेनिस स्टॉक्स या अभ्यासकाने तांब्याची पाती आणि साधी रेती घेऊन प्रत्यक्ष ग्रॅनाइट कापून दाखवला. वेळ भयंकर लागतो आणि तांबंही भराभर झिजतं, पण दगड कापला जातो. मला स्टॉक्स यांचं म्हणणं पटतं. त्यात प्लिनीचीच रेती आहे.

रोमन काळाच्या उत्तरार्धात या कामाला पाण्याची ताकद मिळाली. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस इथे तिसऱ्या शतकातल्या एका शवपेटीवर पाणचक्कीने चालणाऱ्या दगडी करवतींचं चित्र कोरलेलं आहे. चौथ्या शतकातला कवी ऑसोनियस मोझेल नदीच्या एका उपनदीवर संगमरवर कापणाऱ्या करवतींच्या कर्कश आवाजाचा उल्लेख करतो. पण हा सगळा पसारा राजवाडे आणि मंदिरांच्या लाद्यांसाठी होता. अकीकासारखा कठीण दगड इतक्या खटाटोपाने कापण्यापेक्षा फोडणं सोपं पडे.

आपल्याकडे नेमकं हेच झालं. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेला लाव्हा. लाव्हा थंड होताना त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहिल्या. पुढे पाण्याबरोबर आलेली सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ ज्याचा बनतो तो पदार्थ, त्यांत थराथराने बसत गेली आणि अकीक तयार झाला. भोवतीचा बेसॉल्ट, म्हणजे तोच काळा पाषाण, झिजून माती होतो, पण अकीक टिकतो. म्हणून तो शेतात सापडतो, गोदावरीच्या वाळूगोट्यांत सापडतो. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी वर्णनात म्हटलं आहे, की पैठणहून अकीकाच्या जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर आणि तगरहून, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून, कापड असा माल गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. मराठवाड्यातला दगड दोन हजार वर्षांपूर्वी जगाच्या बाजारात होता, हे आपल्या शाळेच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मात्र त्या दगडाच्या चकत्या होत नव्हत्या, मणी होत होते. हडप्पा संस्कृतीतल्या चान्हुदडोच्या कारागिरांनी घडवलेले लांबुडके लाल मणी आजही थक्क करतात, आणि त्याच धाटणीचे मणी मेसोपोटेमियात उर इथल्या राजघराण्याच्या थडग्यांत मिळाले आहेत. मण्यांची ही परंपरा गुजरातेत खंभातला आजवर चालत आली. भडोच जिल्ह्यातल्या रतनपूर भागातला अकीक आधी मातीच्या भांड्यांत मंद आचेवर भाजतात. त्यातल्या लोहाचा रंग पालटतो आणि दगड लाल होतो. मग जमिनीत रोवलेल्या लोखंडी टोकाला दगड टेकवून वरून शिंगाच्या डोक्याच्या हातोडीने हलका ठोका देतात. टवका वरून उडत नाही, खालच्या टोकापासून उडतो. दगडातला पट्टा कुठे आडवा जातो आणि कुठे वळतो, हे कारागीर हाताने ओळखतो. या पद्धतीत दगड वाया कमी जातो, पण सरळ सपाट काप मिळत नाही.

काप हवाच असेल तर आपल्या कारागिरांकडे धनुकली होती. बांबूच्या कमानीला लोखंडी तार ताणायची, तारेवर कुरुंद या अतिकठीण खनिजाची पूड आणि पाणी सोडत राहायचं, आणि दोन्ही हातांनी मागेपुढे ओढायचं. यशब (जेड) आणि स्फटिक असे कापले जात. घासायला लाखेत कुरुंदाची पूड मळून केलेली चाकं असत. उत्तर प्रदेशातल्या बांदा इथे केन नदीतल्या अकीकात झाडाझुडपांसारखी काळी नक्षी निघते. त्याला शजर म्हणतात. ही नक्षी दगडाच्या आत एका पातळीत पसरलेली असते, म्हणून तिथे काप काढण्याला पर्याय नाही. चकतीसाठी दगड कापण्याची आपली म्हणावी अशी परंपरा मला तिथे दिसते.

युरोपात या धंद्याचं माहेरघर जर्मनीतलं इडार-ओबरस्टाइन. नाहे नदीच्या खोऱ्यात अकीक सापडे, आणि ओढ्याच्या पाण्यावर वालुकाश्माची माणसाहून उंच चाकं फिरत. कारागीर लाकडी घोडीवर पालथा पडे, पाय मागच्या आडव्या लाकडाला रेटून धरी, आणि अंगाचा सगळा भार देऊन दगड चाकावर दाबे. दिवसभर छाती दाबलेली, तोंडासमोर ओला गाळ आणि क्वार्ट्झची बारीक धूळ. छातीच्या विकारांनी तिथे पिढ्या गेल्या. खंभातमध्ये आजही सिलिकोसिसने, म्हणजे या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या रोगाने, माणसं मरतात, आणि त्यातले अनेक जण घरातच चाक लावून बसलेले असतात. छंद म्हणून दगड कापणाऱ्याने हे विसरू नये. पात्यावर पाणी किंवा तेल सोडतात ते पातं थंड राहावं म्हणून, तसंच धूळ हवेत उडू नये म्हणूनही. कोरडा क्वार्ट्झ कापणं म्हणजे फुप्फुस पणाला लावणं.

इडारचा स्वतःचा अकीक एकोणिसाव्या शतकात संपत आला. तिथून स्थलांतर करून ब्राझीलला गेलेल्या लोकांना 1827च्या सुमारास रिओ ग्रांदे दो सुल भागात अकीकाचे प्रचंड साठे दिसले, आणि काही वर्षांतच तो दगड जहाजं भरभरून जर्मनीत येऊ लागला. मालाचा प्रश्न सुटला. कापायच्या पुडीचा प्रश्न सुटायला मात्र अमेरिका उजाडावी लागली.

1891 साली एडवर्ड ॲचेसन यांनी माती आणि कोक (भाजलेला दगडी कोळसा) विजेच्या भट्टीत तापवून सिलिकॉन कार्बाइड मिळवलं. बाजारात ते कार्बोरंडम म्हणून आलं. कुरुंदाहूनही कठीण, आणि कारखान्यात हवं तितकं बनणारं. याच पुडीवर हौशी लोकांची पहिली यंत्रं उभी राहिली. पातळ लोखंडी तबकडी एका पत्र्याच्या पेटीत अर्धी बुडवायची, पेटीत कार्बोरंडम, चिकणमाती आणि पाणी कालवून ठेवायचं. माती घालायची ती पूड तळाशी बसू नये म्हणून. दगड पट्टीला बांधून वजनाने तबकडीवर टेकवायचा आणि मोटर सुरू करून आपल्या कामाला लागायचं. एका कापाला तासन् तास जात आणि चिखल भिंतीपर्यंत उडे. या यंत्राला ‘मड सॉ’ म्हणत.

मग हिरा आला. दक्षिण आफ्रिकेत 1867 नंतर हिरे सापडले, तसा दागिन्याला न चालणारा हिऱ्याचा चुराही बाजारात आला. 1930च्या दशकात अमेरिकेतले हौशी लोक स्वतः पाती बनवत. लोखंडी तबकडीच्या कडेला बारीक बारीक खाचा पाडायच्या, तेलात कालवलेला हिऱ्याचा चुरा बोटाने त्यांत भरायचा, आणि कडा ठोकून खाचा बंद करायच्या. काम किचकट होतं, पण तासांचा काप मिनिटांवर आला. दुसऱ्या महायुद्धात लष्करी रेडिओंसाठी क्वार्ट्झच्या पातळ चकत्या कोट्यवधींच्या संख्येने लागल्या. त्याही हिऱ्याच्या पात्यांनीच कापल्या गेल्या.

छंद अमेरिकेच्या पश्चिमेत फोफावला, त्याला आणखी एक कारण होतं. ओरेगन, ॲरिझोना, कॅलिफोर्निया इथे सरकारी मालकीची अफाट मोकळी जमीन होती आणि ती अकीकाने, अश्मीभूत लाकडाने भरलेली. मंदीच्या वर्षांत जुनी मोटार आणि हातोडी एवढ्यावर सुट्टी साजरी होई. 1947 साली ‘लॅपिडरी जर्नल’ हे दगड घडवणाऱ्यांचं मासिक सुरू झालं आणि त्याच वर्षी ठिकठिकाणच्या खनिज मंडळांचा राष्ट्रीय महासंघ झाला. ॲरिझोनातल्या टूसॉनचं दगडांचं प्रदर्शन 1955 साली एका प्राथमिक शाळेत भरलं. आज ते जगातल्या सर्वांत मोठ्या दगडांच्या बाजारांपैकी आहे. गर्दी वाढल्यावर नियमही आले. 1962च्या कायद्यानंतर सरकारी जमिनीवरून अश्मीभूत लाकूड माणशी दिवसाला 25 पौंड आणि वर्षाला 250 पौंड इतकंच, तेही स्वतःसाठी, नेता येतं.

डिसेंबर 1954मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत ट्रेसी हॉल यांनी कृत्रिम हिरा बनवला. हिऱ्याची पूड कारखान्यात निघू लागली आणि काही दशकांत पात्याचे भाव सामान्य माणसाच्या आवाक्यात आले. आपल्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात टाइल कापायचं चार इंची चाक मिळतं, त्याच्या कडेला बसवलेली पूडही हिऱ्याचीच असते.

महाराष्ट्राचं नाव खनिजांच्या जगात झिओलाइटमुळे गाजतं. नाशिक, जळगाव, पुण्याकडच्या खाणींत आणि विहिरींत निघालेले ते स्फटिक सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात बघायला मिळतात. ते मऊ आणि ठिसूळ असतात, जसे निघाले तसेच जपायचे असतात, त्यांना करवत लावणं पाप आहे. अकीकाचं उलट आहे. आपल्याकडचा शेवाळी अकीक परदेशी हौशींच्या करवतींवर वर्षानुवर्षं कापला जातो, तिकडे त्याला भारताच्याच नावाने ओळखतात, आणि इकडे तो बांधावर फेकला जातो. भूशास्त्र शिकवणाऱ्या आपल्या बऱ्याच कॉलेजांत दगड कापायचं यंत्र असतं. विद्यार्थी त्यावर बेसॉल्टचा काप काढतात आणि तो 0.03 मिलिमीटरपर्यंत घासून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. त्याच यंत्रावर शनिवारी दुपारी गावातल्या कुणाच्याही शेतातला एक गोटा लावायला काय हरकत आहे? गोटा पट्ट्यांच्या दिशेला आडवा बांधायचा, पातं हळू पुढे सरकू द्यायचं, आणि काप सुटत आला की खालून आधार द्यायचा, नाहीतर शेवटचा कोपरा तुटून चकतीला टोक राहतं. तेल असेल तर चकती लाकडाच्या भुशात पुसून साबणाने धुवायची. मग पॉलिश करण्याआधी तिच्यावर पाणी ओतून बघायचं. ओल्या चकतीवर जो रंग दिसतो तोच पॉलिशनंतर कायमचा राहतो, म्हणून ती घासायची की बाजूला ठेवायची हे तेव्हाच ठरतं.