सोफ्याला तेल पाजण्याचा सल्ला आला कुठून?

चामड्याचा सोफा घरात आला की कुणीतरी हमखास सांगतं, अधूनमधून खोबरेल चोळत जा. हा सल्ला वेगळ्याच चामड्यासाठी होता.

पूर्वी कातडं कमावत ते झाडांच्या सालींनी आणि फळांनी. आपल्याकडे बाभूळ, तरवड, हिरडा. असं चामडं कोरडं पडलं की तडकायचं, म्हणून मोट असो वा खोगीर, त्याला तेल पाजावंच लागे.

पण तेलानं सगळंच भागत नव्हतं. लंडनच्या अथेनियम क्लबात चामडं कुजू लागलं, तेव्हा १८४३ साली शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेनं दिव्यांच्या गॅसमधल्या गंधकाला दोषी धरलं. हवेतल्या गंधकापासून चामड्यात आम्ल तयार होतं आणि मग नुसता हात लावला तरी बोटांना तांबूस भुकटी लागते. पुढे १९०१ च्या सुमारास लंडनच्याच सोसायटी ऑफ आर्ट्स या संस्थेच्या समितीनं पुस्तकबांधणीची चामडी तपासली. सुमाक नावाच्या झुडपाच्या पानांनी कमावलेली टिकाऊ ठरली, तर हिंदुस्थानातून जाणारी शेळ्यामेंढ्यांची अगदी वाईट. ती बहुतेक तरवडाच्या सालीची. हिरड्याचं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, वेगळ्या जातीचं, ते या आम्लापुढे जास्त तग धरतं. एकदा भुकटी सुटू लागली की कितीही तेल पाजा, चामडं परत सांधत नाही.

दरम्यान क्रोमियमच्या क्षारांनी कातडं कमावण्याची पद्धत आली होती. १८५८ मध्ये फ्रीडरिश क्नापनं ती मांडली, १८८४ मध्ये ऑगस्टस शुल्ट्झनं अमेरिकेत पेटंट घेतलं. महिन्यांचं काम दिवसांवर आलं. आजचे बहुतेक सोफे याच चामड्याचे, आणि वरून रंगाचा, प्लास्टिकसारख्या पॉलिमरचा थर. तेल त्यातून आत जातच नाही. वर चिकटून धूळ धरतं, थर मऊ करतं. डोकं टेकतो तिथलाच रंग आधी का सुटतो, ते पाहा. केसांचं तेल!

आपला सोफा कोणता, हे एका थेंबानं कळतं. नजरेआडच्या कोपऱ्यात पाणी टाका. थेंब तसाच राहिला तर वर थर आहे: सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवा, मग कोरड्यानं पुसा. शोषून डाग गडद झाला तर चामडं उघडं आहे. त्याला पाणी जपूनच. आणि पावसाळ्यात, कोकणात तर नक्कीच, सोफा भिंतीपासून वीतभर लांब ठेवा. बुरशी मागूनच चढते.