सुई दिली म्हणून मेंढी भाकड होत नाही

चांगल्या मेंढीपासून एकाच वेळी जास्त भ्रूण (नुकतेच धरलेले गर्भ) मिळावेत म्हणून तिला जास्त बीजं सुटण्याची सुई देतात. काही मेंढपाळांत समजूत असते: ही सुई दिली की मेंढीची सगळी बीजं एकदाच संपतात आणि ती भाकड होते. हे खरं नाही.

मेंढी जन्मतःच हजारो बीजं घेऊन येते. तिचं माजाचं चक्र साधारण १७ दिवसांचं. प्रत्येक चक्रात बरीच बीजं वाढू लागतात, पण पिकून सुटतात एक-दोनच; बाकीची अंडाशयातच जिरतात. सुईतलं एफएसएच हे बीजं वाढवणारं संप्रेरक या जिरणाऱ्या बीजांना वाचवतं. म्हणजे पुढच्या कोठ्याला हात लागत नाही, वाया जाणारा मालच कामी येतो.

सुई देण्याची पद्धत अशी: आधी १२ ते १४ दिवस योनीत प्रोजेस्टेरॉनचा, म्हणजे माज थोपवणाऱ्या संप्रेरकाचा, स्पंज. तो काढण्याच्या सुमारास एफएसएच, दिवसातून दोनदा, तीन-चार दिवस, मात्रा उतरती. इतक्यांदा द्यावं लागतं, कारण ते रक्तात फार काळ टिकत नाही. गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं संप्रेरक एका सुईत भागतं, पण रेंगाळतं आणि बीजांची प्रत गडबडते.

आणि नाही, त्या मेंढीला पाच कोकरंही होत नाहीत! सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण काढून दुसऱ्या मेंढ्यांत ठेवतात.

मग समजूत आली कुठून? कदाचित इथून: भ्रूण काढायला बहुधा पोट उघडावं लागतं. वारंवार केलं तर आतले अवयव एकमेकांना चिकटतात, आणि मेंढी खरंच गाभण राहीनाशी होऊ शकते. दोष सुईचा नाही, टाक्यांचा.