पगार, कर्ज आणि भत्ता : इंग्लंडमधल्या मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या हिशेबाची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये संसार सांभाळून पदवीला बसणाऱ्या माणसाला दोन खिडक्यांशी व्यवहार करावा लागतो. एका खिडकीवर फीचं कर्ज, राहण्याखाण्यासाठीचं निर्वाहकर्ज आणि मुलं असतील तर त्यांच्या नावाची अनुदानं मिळतात. दुसऱ्या खिडकीवर युनिव्हर्सल क्रेडिट हा सामाजिक सुरक्षेचा मुख्य भत्ता मिळतो. आठवड्याला दहा-बारा तासांची नोकरी धरली की काय होईल, हा प्रश्न दोन्हीकडे विचारला तर उत्तरं नेमकी उलट येतात. पहिली खिडकी विद्यार्थ्याचा स्वतःचा पगार मोजतच नाही. दुसरी पगारही मोजते आणि पहिल्या खिडकीने दिलेलं कर्जही उत्पन्न म्हणून मोजते. गोंधळ होतो तो या दुसऱ्या भागामुळे. नोकरीचा दोष त्यात फार थोडा आहे.

‘मोठ्या वयाचा विद्यार्थी’ म्हणजे कोण, यावरही एकमत नाही. मराठीत प्रौढ शिक्षण म्हटलं की साक्षरतेचे वर्ग डोळ्यांसमोर येतात, म्हणून तो शब्द इथे टाळला आहे. तिथली विद्यापीठं पहिल्या पदवीला प्रवेश घेताना एकवीस वर्षं पूर्ण झालेल्याला ‘मॅच्युअर स्टुडंट’ म्हणतात. कर्जाच्या खिडकीवर मात्र महत्त्वाचं वय पंचवीस. पंचविशी उलटली की विद्यार्थी ‘स्वतंत्र’ ठरतो आणि आईवडिलांचं उत्पन्न बघितलं जात नाही. त्याआधी लग्न झालं असेल, मूल असेल किंवा तीन वर्षं स्वतःच्या कमाईवर काढली असतील, तरी तो स्वतंत्र धरला जातो. भत्त्यांच्या कायद्यात या शब्दाला काही वजन नाही. तिथे मूल आहे का, अपंगत्व आहे का, जोडीदार विद्यार्थी नाही ना, एवढंच बघतात. त्यामुळे तिशीतला एकटा, धडधाकट आणि बिनमुलांचा पूर्णवेळ विद्यार्थी सहसा दुसऱ्या खिडकीपर्यंत पोचतच नाही.

मुळात हे असं नव्हतं. १९६२च्या कायद्याने पहिल्या पूर्णवेळ पदवीसाठी अनुदान देणं स्थानिक प्रशासनांवर बंधनकारक झालं. शिवाय सुट्टीत बेकारभत्ता आणि सत्रात घरभाड्याची मदत विद्यार्थ्याला मागता येत असे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ही दारं एकेक करून बंद होत गेली. १९९० साली निर्वाहकर्जं आली आणि त्याच वर्षी बहुतेक पूर्णवेळ विद्यार्थ्यांचा बेकारभत्त्यावरचा, किमान उत्पन्नाच्या मदतीवरचा आणि घरभाड्याच्या मदतीवरचा हक्क गेला. एकटे पालक आणि अपंग विद्यार्थी तेवढे अपवाद राहिले. आजची रचना याच अपवादांवर उभी आहे. पूर्वी कमावून आलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांना अनुदानात जादा भत्ता मिळे, तोही १९९०च्या दशकाच्या मध्यात नव्या विद्यार्थ्यांसाठी थांबला. १९९८ला फी आली. पुढच्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांची निर्वाह अनुदानं बंद झाली, २००४ला परत आली आणि २०१६ला इंग्लंडमध्ये पुन्हा गेली. जाताना ते अनुदान वर्षाला जास्तीत जास्त ३,३८७ पौंडांचं होतं. त्या जागी तितकंच, किंबहुना थोडं जास्त कर्ज आलं.

‘पूर्णवेळ’ या शब्दाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. बेकारभत्ता घेत शिकणाऱ्यांसाठी जुना नियम आठवड्याला एकवीस तासांचा होता, आणि त्यात जेवणाची सुट्टी व एकट्याने केलेला अभ्यास धरत नसत. ऑक्टोबर १९९६मध्ये नवा बेकारभत्ता आला आणि मर्यादा शिक्षकाच्या देखरेखीखालच्या सोळा तासांवर आली. त्या पाच तासांच्या फरकाने पदवीच्या आधीचे पूर्वतयारीचे अभ्यासक्रम करणारे कितीतरी जण अडकले. कौन्सिल टॅक्सची, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या घरपट्टीसारख्या कराची सूट मागायची तर अभ्यासक्रम वर्षाला निदान चोवीस आठवडे आणि सरासरी एकवीस तासांचा लागतो. घरातल्या आजारी माणसाची देखभाल करणाऱ्याला मिळणारा केअरर्स अलाउन्स मात्र एकवीस तास भरले की बंद होतो. म्हणजे जो आकडा एका ठिकाणी सवलत मिळवून देतो, तोच दुसऱ्या ठिकाणी हक्क काढून घेतो. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये पदवी पातळीवर तासांची मोजणी जवळजवळ गळून पडली. संस्था अभ्यासक्रमाला पूर्णवेळ म्हणत असेल तर तो पूर्णवेळ. तीन दिवसांतच सगळी व्याख्यानं उरकतात, हे सांगून सहसा उपयोग होत नाही. अर्धवेळ प्रवेश घेतला तर भत्ता मागता येतो, पण मग काम शोधण्याच्या अटी लागू होतात आणि परीक्षेच्या आठवड्यातही मुलाखतीला बोलावणं येऊ शकतं.

आता वादाच्या मुद्द्याकडे. कर्ज परत करायचं असतं, मग ते उत्पन्न कसं? भत्त्यांचे नियम १९९०पासून त्याला उत्पन्नच म्हणत आले आहेत. युक्तिवाद असा की निर्वाहकर्ज हे राहण्याखाण्यासाठीच दिलेलं असतं आणि त्याच खर्चासाठी सरकारी तिजोरीने दोनदा पैसे देऊ नयेत. त्यात तथ्य नाही असं म्हणता येणार नाही. पण अनुदान होतं तोवर हा युक्तिवाद जितका सरळ वाटे, तितका तो २०१६नंतर राहिला नाही. अनुदान उत्पन्न धरलं तर विद्यार्थ्याच्या डोक्यावर काही चढत नाही. कर्ज उत्पन्न धरलं तर भत्ता आज कापला जातो आणि ती रक्कम पुढे पगारातून व्याजासह फेडायचीही असते. 

त्याहून कठोर भाग म्हणजे न घेतलेलं कर्जही मोजलं जातं. नियमातला निकष ‘वाजवी प्रयत्न केले असते तर मिळालं असतं ते कमाल कर्ज’ असा आहे. धार्मिक कारणाने व्याजाचं कर्ज नाकारणारा किंवा पगारावर भागवू म्हणून अर्ज न करणारा, दोघांच्याही भत्त्यातून ती रक्कम वजा होते. जोडीदाराच्या उत्पन्नामुळे कर्ज कमी मंजूर झालं असेल तर ती घटही धरत नाहीत. शिकणाऱ्याने हे प्रवेशाच्या आधी समजून घेणं फार महत्त्वाचं, कारण सत्र सुरू झाल्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

२००३ ते २०२५ या काळात टॅक्स क्रेडिट नावाची, कमी कमाईच्या आणि मुलं असलेल्या कुटुंबांना पैसे देणारी समांतर व्यवस्था होती आणि तिथे चित्र पार वेगळं होतं. विद्यार्थी कर्ज त्यात उत्पन्न धरतच नसत. मूल असलेली एकटी आई आठवड्याला सोळा तास काम करून पूर्णवेळ पदवी करत असेल, तर कामाचं क्रेडिट, मुलाचं क्रेडिट आणि पूर्ण निर्वाहकर्ज हे तिन्ही एकत्र चालत. पगार मोजला जाई, पण वर्षाच्या हिशेबाने, त्यामुळे नाताळच्या जादा पाळ्यांनी त्याच महिन्यात काही बिघडत नसे. युनिव्हर्सल क्रेडिट २०१३ला सुरू झालं, जुन्या क्रेडिटचे नवे अर्ज २०१९पर्यंत जवळपास थांबले आणि ५ एप्रिल २०२५ला टॅक्स क्रेडिट कायमचं बंद झालं. टॅक्स क्रेडिटमधून युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये सक्तीने हलवलेल्या पूर्णवेळ विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम संपेपर्यंत नव्या भत्त्यात राहू देण्याची सोय केली गेली. पण कर्ज मोजण्याच्या नियमातून त्यांना सूट मिळाली नाही. या स्थलांतराची चर्चा झाली ती बहुतेक नोकरदार कुटुंबांच्या संदर्भात. शिकणाऱ्या पालकांचं नुकसान आकड्यांच्या गर्दीत हरवलं.

हिशेब कसा बसतो ते बघू. भत्त्याचा महिना कॅलेंडरचा नसतो. अर्ज ज्या तारखेला केला, तिथून तो चालू होतो. मोजायचं कर्ज अभ्यासक्रमाच्या वर्षात येणाऱ्या अशा महिन्यांत वाटतात आणि दर महिन्याला ११० पौंड सोडून देतात. ज्या महिन्यात उन्हाळी सुट्टी लागते तो, आणि पूर्ण सुट्टीतले महिने यातून वगळतात. समजा मोजायचं कर्ज ७,२०० पौंड आणि महिने नऊ. महिन्याला ८०० आले, ११० वजा करून ६९०. हे ६९० भत्त्यातून पौंडास पौंड जातात. पगाराची रीत निराळी. मूल असलेल्या आणि भाड्याची मदत घेणाऱ्या व्यक्तीचे २०२४-२५मध्ये पहिले ४०४ पौंड सोडले जात आणि वरच्या रकमेच्या ५५ टक्के कापले जात. हातात ६०० पौंड पगार येत असेल तर १९६चे ५५ टक्के, म्हणजे १०७ पौंड ८० पेन्स. सत्रातल्या महिन्याला एकूण कपात ७९७.८०, सुट्टीत फक्त १०७.८०. नोकरीमुळे भत्ता बुडाला, अशी तक्रार ऐकू येते तेव्हा ही बेरीज मांडून बघावी. पगाराचा वाटा तिच्यात लहान असतो. ६०० मिळवून १०८ गेले तरी जवळपास ४९२ हातात राहतात.

हा कपातीचा दर सुरुवातीला ६५ टक्के होता, २०१७ला ६३ झाला आणि २०२१च्या अखेरीस ५५. किमान उत्पन्नाच्या जुन्या मदतीत एकट्या पालकाचे आठवड्याला २० पौंड सोडत आणि पुढचा प्रत्येक पौंड पूर्ण कापत. तेवढ्यापुरती आजची व्यवस्था काम करणाऱ्याला नक्कीच बरी आहे.

चूक कुठे होते? सर्वांत जास्त ‘विशेष सहाय्य’ या भागात. भत्त्याला पात्र विद्यार्थ्यांच्या कर्जाचा एक भाग पुस्तकं, प्रवास आणि साहित्यासाठी म्हणून वेगळा दाखवलेला असतो. २००६ ते २०१६ तो अनुदान होता, आता कर्ज आहे. हा भाग भत्त्यात मोजायचा नसतो. पण मंजुरीपत्रावरची एकूण रक्कम उचलून तीच भागली जाते आणि महिन्याला शेकडो पौंड उगाच कापले जातात. म्हणून पत्राची प्रत देताना त्या भागाची रक्कम वेगळी लिहून द्यावी आणि अभ्यासक्रमाच्या सुरुवातीची, उन्हाळी सुट्टी लागण्याची अशा दोन्ही तारखा कळवाव्यात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सुट्टी लागली तरी कर्जाची कपात चालूच राहणं. निर्णय पटला नाही तर फेरविचाराचा अर्ज एका महिन्यात करावा लागतो. उलटी चूकही महागात पडते. खात्याच्याच गफलतीने जास्त रक्कम आली असली, तरी युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये ती वसूल करता येते, म्हणून प्रत्येक महिन्याचं विवरण तपासणं भाग आहे.

पगाराच्या तारखांचाही एक त्रास आहे. दर चार आठवड्यांनी पगार देणाऱ्या नोकरीत वर्षाला तेरा पगार होतात, आणि भत्त्याचे महिने बाराच. वर्षातून एकदा दोन पगार एकाच महिन्यात पडतात. वरच्या उदाहरणात त्या महिन्याचा पगार १,२०० धरला जाईल आणि कपात ४३७.८० होईल. कर्जाचे ६९० मिळवले की भत्ता शून्यावरही येऊ शकतो. महिन्याला पगार घेणाऱ्यांच्या तारखा सरकल्या तर दुरुस्तीची सोय २०२०च्या न्यायालयीन निकालानंतर झाली. चार आठवड्यांच्या पगाराला ती लागू नाही.

कर्जाच्या खिडकीवर काळजी घ्यायची ती जोडीदाराच्या उत्पन्नाची. विद्यार्थ्याने स्वतः कितीही तास वाढवले तरी निर्वाहकर्ज किंवा पाळणाघराच्या खर्चासाठीचं अनुदान, म्हणजे चाइल्डकेअर ग्रँट, कमी होत नाही. पण जोडीदाराने वाढवले तर दोन्ही कमी होऊ शकतात. हे उत्पन्न आधीच्या करवर्षाचं बघतात आणि चालू वर्षी ते निदान १५ टक्क्यांनी घटलं असेल तरच नव्याने मोजतात. पाळणाघराच्या खर्चातही एकच खिडकी निवडावी लागते. चाइल्डकेअर ग्रँटला नोकरीची अट नाही, भत्त्यातल्या मदतीला आहे, आणि दोन्ही एकत्र मिळत नाहीत.

केअरर्स अलाउन्स घेत अर्धवेळ शिकणाऱ्याला पगाराची कडा अगदी धारदार आहे. २०२४-२५मध्ये मर्यादा आठवड्याला १५१ पौंड होती, एप्रिल २०२५मध्ये ती १९६ झाली. एक पौंड जास्त झाला तरी त्या आठवड्याचा सगळा भत्ता जातो.

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळ्याच जागची आहे. नव्या विद्यार्थ्यांचं शिष्यवेतन इंग्लंडमध्ये २०१७ला बंद झालं, २०२०पासून वर्षाला ५,००० पौंडांचं प्रशिक्षण अनुदान आलं. नोंदणीसाठी लागणारे प्रत्यक्ष कामाचे २,३०० तास मात्र तसेच राहिले. रात्रपाळीच्या प्रशिक्षणानंतर दुकानात उभं राहायला वेळ उरत नाही, त्यामुळे पगारातून भर घालण्याचा मार्गच त्यांना अरुंद पडतो.

महाराष्ट्रातून विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना यातलं जवळपास काहीच लागू नाही. त्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट असते आणि पदवी अभ्यासक्रमात सत्रकाळात आठवड्याला वीस तासांची कामाची मर्यादा असते. नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या कुटुंबाला कायम वास्तव्याचा परवाना मिळाला, की घरातली व्यक्ती चाळिशीत शिक्षिका किंवा परिचारिका होण्यासाठी प्रवेश घेते, तेव्हा हे सगळे नियम एकदम समोर येतात. तिथे पहिला अर्ज निर्वाहकर्जाचा करावा आणि मंजुरीपत्र हातात आल्यावर भत्त्याचा महिनावार हिशेब मांडावा. नोकरीचे तास ठरवायचे ते त्यानंतर.