धरण भरलेलं, पडद्यावर पाव

पावसाळ्यात गंगापूर धरणाचा साठा ही नाशिककरांची रोजची बातमी. धरणाची क्षमता सुमारे ५,६३० दशलक्ष घनफूट, म्हणजे ५६३ कोटी घनफूट. हा आकडा सी या प्रोग्रामिंग भाषेत 'इंट६४_टी' प्रकारच्या, म्हणजे ६४ बिटांचा पूर्णांक ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकवतात तसा '%डी' ही पूर्णांक छापायची खूण देऊन 'प्रिंटएफ' या छापणाऱ्या फंक्शनने छापा. नेहमीच्या ६४ बिटी संगणकावर बहुधा १,३३,५०,३२,७०४ दिसेल. काठोकाठ भरलेलं धरण एकदम पावभागाच्याही खाली! मेमरीतली किंमत मात्र शाबूत असते, बिघडतं ते फक्त छापणं.

व्हेरिएबलचा प्रकार प्रिंटएफला आपोआप कळतो, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. या फंक्शनला किती आणि कसल्या किमती मिळतील हे आधी ठरलेलंच नसतं. कंपायलर (कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) नुसते बिट रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात) किंवा स्टॅकवर (मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत) ठेवतो, सोबत प्रकाराची काहीच नोंद जात नाही. प्रिंटएफ अवतरणातला मजकूर अक्षर-अक्षर वाचत जातं आणि '%डी' आलं की एक इंट (साधा पूर्णांक), म्हणजे ३२ बिट उचलतं. ५६३ कोटींतून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६ वजा करून बघा, बरोबर वरचाच आकडा उरतो. वरच्या ३२ बिटांत १ होता, तो वाचलाच गेला नाही.

जुन्या ३२ बिटी इंटेल यंत्रावर हे आणखी रंगतं. तिथे सगळ्या किमती स्टॅकवर ओळीने बसतात. त्याच ओळीत टक्केवारीसाठी दुसरं '%डी' लिहिलेलं असेल, तर ते साठ्याचा उरलेला अर्धा भाग उचलतं आणि १ छापतं. सी भाषेच्या अधिकृत नियमावलीप्रमाणे तर अशा कोडकडून कुठल्याच उत्तराची हमी नाही.

'%एलडी' ६४ बिटी लिनक्सवर चालून जातं, कारण ही खूण 'लाँग' या पूर्णांक प्रकारासाठी आहे आणि तिथे लाँग ६४ बिटांचा असतो. विंडोजवर तो ३२ बिटांचाच. म्हणून सी भाषेच्या १९९९ च्या नियमावलीत 'इंटटाइप्स.एच' ही हेडर फाइल आली. तिच्यातला 'पीआरआयडी६४' हा मॅक्रो (कंपायलर ज्याच्या जागी दुसरा मजकूर घालतो असं नाव) त्या त्या यंत्राप्रमाणे 'एलडी' किंवा 'एलएलडी' होतो:

प्रिंटएफ("साठा %" पीआरआयडी६४ "\एन", साठा);

लागून आलेली अवतरणं कंपायलर एकत्र जोडतो, म्हणून हे जमतं. किती सुंदर सोय आहे ही! सी२३ या पुढच्या आवृत्तीत थेट '%डब्ल्यू६४डी'ही आलं आहे.

पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, छापतानाही हीच काळजी लागते: '%पी' वापरावं आणि पॉइंटर '(व्हॉइड *)' करून द्यावा. '%एक्स' (इंट सोळाच्या पायात छापणारी खूण) दिलं तर ६४ बिटी पत्त्याचा वरचा भाग गळतो. पत्ता आकडा म्हणूनच हवा असेल तर तो 'यूइंटपीटीआर_टी' या पत्ता मावेल अशा पूर्णांक प्रकारात घेऊन 'पीआरआयएक्सपीटीआर' या तशाच मॅक्रोने छापावा.

लोकल व्हेरिएबलचा पत्ता प्रोग्राम दर वेळी चालवला की बदलतो. त्यावर 'व्हायरस आहे, मशीन फॉरमॅट मारा' असा सल्ला देणारे लॅबमध्ये भेटतात. ही शिकलेल्यांची अंधश्रद्धा आहे. हल्लेखोराला पत्त्याचा अंदाज येऊ नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम मुद्दाम जागा बदलते. फॉरमॅट मारण्यापेक्षा जीसीसी या कंपायलरला '-डब्ल्यूऑल' हा इशारे दाखवायचा पर्याय द्या, '%डी'समोर ६४ बिटी व्हेरिएबल दिसताच तो त्या ओळीवर बोट ठेवतो.